भिंतीला मारलेलं पाणी

शेषेरावांनी खिळा भिंतीला लावून नुसता फिरवला, तर गिलावा भसाभसा खाली आला.

"बघा," ते गल्लीकडं वळून म्हणाले. जळकोटातल्या त्यांच्या दारात सात-आठ माणसं जमली होती. त्यांनीच बोलावली होती. नव्या खोलीला अजून दीड महिना झाला नव्हता, आणि ती बांधणारा मलप्पा मिस्त्री म्हणे वीस वर्षांच्या अनुभवाचा.

मलप्पानं चुरा तळहातावर घेऊन बोटानं चोळला. "मालक, माल बरोबर हाय. पाणी कमी पडलंय. नव्या गिलाव्यावर रोज पाणी मारलं न्हाई तर त्यो धरत न्हाई."

शेषेरावांचं डोकं फिरलं. "कमी? नुसत्या या भिंतीसाठी दोन टँकर हौदात ओतून घेतलेत मी."

"पर मारलं कुनी?"

"बायकोनं. सकाळ-संध्याकाळ, एकवीस दिवस. मी शेतातून आलो की रोज इचारायचो. मारलं म्हणायची."

धोंडाबाई दारातच उभ्या होत्या. मलप्पानं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पदर सावरला आणि आत गेल्या.

"तिच्याकडं काय बघतोस? घागर घेऊन रांगेत उभं राहण्यात तिचा जन्म गेलाय. तिला पाणी शिकवतोस? सिमेंट कुठं घातलंस ते सांग, चोरा."

गर्दीतल्या बसलिंगप्पांच्या घराचा पाया मलप्पा सोमवारी घेणार होता. ते खाली बघत म्हणाले, "मलप्पा, आमचं काम राहू दे आता."

त्यानं थापी पिशवीत टाकली आणि कुणाकडं न बघता निघून गेला. आता जळकोटात त्याला कोण काम देणार होतं? शेषेरावांना बरं वाटलं. असल्यांना चारचौघांतच उघडं पाडायला पाहिजे.

त्यांचे हात गिलाव्यानं माखले होते. ते धुवायला मागच्या अंगणात गेले. घरात रोजचं पाणी कोण भरतं, किती लागतं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आजवर तांब्या आयता हातात आला होता.

"थांबा, मी आनते," धोंडाबाई लगबगीनं मागं आल्या.

तोवर त्यांनी हौदावरचा पत्रा सरकवला होता. हौद अजून काठोकाठ भरलेला होता.

"एवढं गोड पाणी," धोंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "भिंतीला कसं घालू वो?"