तांदळाचा डबा

"ताई, भात तेवढा लाव, मी आंघोळ उरकते," म्हणत धाकटी बाथरूममध्ये शिरली. कंबर पुन्हा कॉलेजातल्यासारखी. बघूनच माझा जळफळाट झाला.

पोट लहान करायचं ऑपरेशन आम्ही दोघींनी एकाच महिन्यात केलं. चार वर्षांत माझं वजन पुन्हा होतं तेवढं झालं. तिचं नाही. "ही खा खा रक्तातच असू शकते, आईकडून आलेली," डॉक्टर मला म्हणाले. मग हिला बरी चुकली! आई तर दोघींची एकच.

चरफडतच धाकटीच्या तांदळाच्या डब्यात वाटी खुपसली. ती कशाला तरी अडली. हातानं उकरलं, तर चिक्कीची पाकिटं. एक फोडलेलं, एक अख्खं. आई अशीच तांदळात लपवायची. माझ्या घरी मीही तिथेच लपवते.

मागे वळले. ओल्या केसांनी ती दारात उभी.

"परत खा खा सुटलीय, ताई. दोन किलो वाढलेत. कुणाला सांगू नकोस ना."

मला बरं वाटलं. खरंच, क्षणभर फार बरं वाटलं. मग मी पाकिटं पुन्हा खोल सारली आणि आई करायची तसे वरचे तांदूळ हातानं सारखे केले.