मामाची बोंब

सुई डेलिलाच्या दंडातून निघते न निघते तोच तिचा मामा केरेंगा खांद्यावर कुऱ्हाड टाकून दवाखान्याच्या पडवीत उभा राहिला.

"माझ्या बहिणीचं रक्त कोणाला विचारून काढलंत?"

झालं. कुंपणापलीकडचा अख्खा बाजार सुपारी चघळायचा थांबला. माणसाचं रक्त आईकडचं. ते सांडलं की मामाला डुक्कर द्यायचं, हे त्या डोंगरात पोरासोरांनाही ठाऊक. डेलिलाने दंडावरचा कापूस हाताने झाकला. ती त्याच बाजारात भाजलेली रताळी विकायची. तिला एचआयव्ही आहे हे फुटलं असतं, तर गिऱ्हाईकच काय, कुत्रंही तिच्या टोपलीकडे फिरकलं नसतं.

लॅबवाला हेनी किनाऱ्याकडचा, या भानगडींना नवा. तो हलक्या आवाजात समजावू लागला. "मामा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांच्यावर मेलेले जंतू टाकायचे. मग त्या मदतीला हाक मारतात, म्हणजे एक प्रथिन सोडतात. किती सोडतात, एवढंच आम्ही मोजतो."

"म्हणजे आमचं रक्त काचेत कोंडून डिवचता? आणि ते किती बोंबलतं ते मोजता?"

"तसंच म्हणा."

"मग दोन डुकरं."

मामाने कुंपणाकडे तोंड केलं आणि जो सुटला तो सुटलाच. आमच्या घराण्याचं रक्त तिखट म्हणूनच या लोकांनी निवडलं, दर महिन्याला पोरीला बोलावून फुकट नेतात, लाज नाही वाटत. डेलिला त्याचा हात ओढून ओढून रडकुंडीला आली. अशा माणसाला आवर घालायचा तरी कसा?

शेवटी तांदळाची एक पिशवी आणि माशाचे दोन डबे यांवर मिटलं. बाजार पुन्हा सुपारीला लागला.

चढणीवर दोघंच असताना डेलिला कडाडली. "मामा, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. एवढी बोंब मारायची काय गरज होती?"

मामाने आपल्या झोळीतून गोळ्यांची एक बाटली काढून तिच्या हातात ठेवली. कालपासून ती शोधत होती. त्याच्याच चुलीपाशी विसरली होती. त्या आजाराच्या असल्या बाटल्या डोंगरात सगळ्यांनाच ओळखू येत. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून त्याने आत केळीचं पान कोंबलं होतं.

"पोरगी दर महिन्याला दवाखान्यात कशाला जाते, असं बाजारात विचारायला लागले होते," तो म्हणाला. "आता नाही विचारणार." मग त्याने सुपारीची पिंक टाकली. "पुढच्या महिन्यात किती वाजता येऊ बोंबलायला?"