‘सा’च्या आधीची जागा

“पुन्हा लाव,” पीरमहंमद म्हणाला.

छगननं तबकडी पुन्हा लावली. श्रीरामपूरच्या बाजारात त्याचं हॉटेल होतं आणि ग्रामोफोनमुळे ते चालत होतं. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. तबकड्या पुन्हा मिळू लागल्या होत्या, आणि जिकडेतिकडे पुण्याच्या आप्पासाहेब मेहेंदळ्यांनी चाली लावलेली नाट्यपदं वाजत होती.

“ऐक सहादेव. आता सा येनार. आला, आला... आन् न्हाई आला! रिकामी जागा सोडली बघ. मग सा, नुसता टेकवल्यावानी.”

पीरमहंमद नेवाशाचा सनईवाला आणि सहादेव त्याचा संबळवाला. मिसरूड फुटल्यापासून दोघं लग्नांत जोडीनं वाजवत आले होते. सहादेवच्या हातातली बशी तोंडाशी जाता जाता राहिली.

“ऐकलं,” तो म्हणाला. “ऊठ, मोटार सुटंल.”

दुसऱ्या दिवसापासून पीरमहंमद त्या जागेच्या मागे लागला. ते सोपं नव्हतं. सनईचा श्वास तुटू द्यायचा नाही, हे त्याच्या बापानं गालांवर चापट्या मारून शिकवलेलं. गालांत हवा धरायची, नाकानं श्वास घ्यायचा, सूर अखंड ठेवायचा. आता तोच सूर मुद्दाम तोडायचा होता.

शिवाय मेहेंदळ्यांच्या पदात ती जागा बांधलेली होती. आलापात काहीच बांधलेलं नसतं. मोजून थांबलं तर विसरल्यासारखं वाटे. जास्त थांबलं तर दम संपल्यासारखं. कितीतरी दिवस त्याला ते साधेना. मग त्यानं मोजणं सोडलं. सुरांना साच्या दारापर्यंत न्यायचं, आता सा येणार अशी ऐकणाऱ्याची खात्री पटू द्यायची, आणि नेमका तेव्हाच हात सोडायचा. हे जमल्यावर तो वरून उतरतानाही तसं करू लागला. पुढे पंचमावरही. ते मेहेंदळ्यांच्या कुठल्याच पदात नव्हतं.

तो ते वाजवू लागला की त्याची बायको शरिफा चुलीवरचं उतरवून शेजारी गोजरबाईकडे जाऊन बसे.

“घर में वो नको बजाओ,” एकदा ती म्हणाली.

“बिघडतंय का?”

“अच्छा बजता. इसीलिए नको.”

सहादेवही नाखूश होता. “लग्नात लोकांना मंगल पायजे. हे नको.”

“अरं, पुन्यात गाजतंय.”

“गाजू दे. तू तुझं वाजीव की.” बोलताना तो वर बघत नव्हता.

पीरमहंमदला दोघांचं नवल वाटे. लग्नांच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या. श्रीमंतांच्या वराती आता पितळी बँड लावत. आपली सनई जुनी झाली नाही, एवढं कुणीतरी जाणत्यानं म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

उन्हाळ्यात मेहेंदळ्यांची नाटक कंपनी नगरला आली. पीरमहंमद जायला निघाला. “कशाला जातूस?” असं सहादेवनं दोनदा विचारलं, आणि मग स्वतःच बरोबर निघाला.

कंपनीच्या बिऱ्हाडी, दुपारचं जेवण उरकून आप्पासाहेब ओसरीवर पान लावत बसले होते. “वाजवा,” ते म्हणाले. चुना लावणारा हातही त्यांनी थांबवला नाही.

पीरमहंमदनं भीमपलास धरला. पहिल्यांदा सूर साच्या दाराशी जाऊन सुटला, तेव्हा आप्पासाहेबांनी पान खाली ठेवलं. दुसऱ्यांदा सुटला, तेव्हा ते भिंतीला टेकले. संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

“कुठं शिकलात?”

“तुमच्या तबकड्यांवरनं.”

“मी पदात बांधून ठेवलं होतं. तुम्ही मोकळं सोडलंत. ती जागा माझ्यापेक्षा तुम्हांला जास्त कळली, खाँसाहेब.”

त्याला आजवर कुणी खाँसाहेब म्हटलं नव्हतं. पीरमहंमदनं वाकून सलाम केला. हे घरी जाऊन शरिफाला कसं सांगावं, याचे शब्द तो मनात जुळवू लागला.

“पण ती माझी नाही बरं का,” आप्पासाहेब म्हणाले. “खूप वर्षं झाली. सोनईला मामेभावाच्या लग्नाला आलो होतो. मांडवात एक तरुण सनईवाला होता. सकाळभर सरळ, नेटकं वाजवत होता. मुहूर्त जवळ आला आणि एकाएकी त्याचं वाजवणं पालटलं. सा जवळ आला की थांबायचा. मग हलकेच टेकायचा. मला मांडवात बसवेना. बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. नंतर शोधलं, तर अक्षता पडल्या पडल्या तो निघून गेला होता. तोंडही नीट पाहिलं नाही मी त्याचं. आयुष्यभर त्याचीच नक्कल करत आलोय.”

सहादेवनं पीरमहंमदच्या गुडघ्यावर हात ठेवला. “चल पीरू. उशीर झाला.”

“तो भेटला असता,” आप्पासाहेब म्हणाले, “तर एकच विचारलं असतं. सा एवढा जवळ आलेला असताना थांबायची हिंमत कुठून आणलीस?”

पीरमहंमदचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं सनई मांडीवर आडवी ठेवली.

“थांबत न्हवतो, आप्पासाहेब. दम तुटत हुता,” तो म्हणाला. “घरनं सांगावा आला हुता, आमचं पोरगं गेलं म्हनून. अक्षता पडंस्तवर सनई बंद करता येत न्हवती.”