बोटभर कललेला मनोरा

“मामी, हट्ट सोडा. उद्या जेसीबी येणार,” सरपंच दत्तराव म्हणाले आणि टेबलावरून घरंगळणारी पेन्सिल त्यांनी सवयीने अडवली.

चतुराबाईंनी चहा बशीत ओतला. “माझ्या बागेतला मनोरा पाडणार तू? पिंगळीचे रिक्षावाले गावाचं नाव घेत न्हाईत. ‘मनोऱ्यापाशी चला’ म्हणतेत.”

“म्हणून काय पोरांच्या डोक्यावर पडू द्यायचा? कलायलाय तो. हे बघा.”

ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचा हा वरचा मजला. चार वर्षांपूर्वी बांधलेला. खिडकीतून पेरूची बाग आणि तिच्यातला मनोरा अख्खा दिसायचा. दत्तराव दर दिवाळीला खुर्चीत बसून मनोरा खिडकीच्या चौकटीशी ताडून पाहत आणि काचेवर खूण करत. पहिल्या वर्षी तो चौकटीला समांतर होता. आता बोटभर कलला होता. त्याच्या पायथ्याशीच शाळेची वाट होती.

चतुराबाईंची नात सृष्टी खुर्चीत बसून एकेक खूण तपासत होती. परभणीला तिने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती.

“खुणा बरोबर आहेत, आजी.”

“तू कोणाच्या बाजूची गं?”

“मोजमापाच्या.”

चतुराबाईंनी बशी खाली ठेवली. “आमच्या मामंजींनी नुस्ती हौस म्हणून बांधला. जाळ्या काय, वर कमळ काय! काळी माती संपून मुरूम लागेस्तोवर पाया खणला. लोक म्हणायचे, रंगनाथराव मनोरा बांधायलेत का विहीर?”

दत्तरावांसकट बैठकीला जमलेले सगळे सदस्य हसले.

सृष्टी उठली. योगीराज गवंड्याला तिने ओळंबा घेऊन बागेत बोलावलं. चारी बाजूंनी मोजायला अर्धा तास लागला. ती वर परतली तेव्हा कोणी हसत नव्हतं.

“खरं सांग,” चतुराबाई म्हणाल्या. “पोरांवर पडणार असंल तर पहिली कुदळ मीच मारीन.”

सृष्टीने ओळंब्याची दोरी खिडकीच्या चौकटीला वरून अडकवली. वजन हलायचं थांबेपर्यंत ती थांबली. मग दोरी आणि चौकट यांच्यामधल्या फटीत तिने बोट घालून पाहिलं.

“मनोरा सरळ आहे, काका,” ती हळूच म्हणाली. “बाकीचं आपण खाली जाऊन बोलू. जिन्यावरून एकेकजण उतरा. पाय न आपटता.”