अकराचा फोन

अकराला चार मिनिटं असतानाच फोन वाजला. त्याने चष्मा सारखा केला, वही पुढे ओढली आणि दुसऱ्या घंटीला फोन उचलला. पहिल्याच घंटीला उचलला तर समोरचा दचकतो, तिसरीपर्यंत थांबलं तर त्याचा धीर सुटतो, असं तो नव्या लोकांना शिकवत असे.

"कुटुंब आधार केंद्र. बोला, मी ऐकतोय."

"मीच," पलीकडची बाई म्हणाली. "थांबा हं, दार लावून घेते."

नाव विचारायचं नाही, हा केंद्राचा पहिला नियम. घरातल्या आजारी माणसाला सांभाळणारे लोक इथे फोन करून मन मोकळं करतात. नाव विचारलं की तोंड मिटतं. म्हणून वहीत त्याने हिला 'अकराच्या ताई' केलं होतं. तिच्या नवऱ्याला विसरण्याचा आजार होता. हल्ली फोन तिचाच येई. बाकीचे का येईनासे झाले ते कळत नव्हतं. लोकांची दुःखं संपली असं मानायला तो दूधखुळा नव्हता. आपल्याच बोलण्यात राम उरला नसावा.

बाहेर पॅसेजमध्ये मुख्य कचेरीतले टकले साहेब येरझाऱ्या घालत होते. गेल्या खेपेस त्यांनी दाराला पार वर एक कडी बसवली होती. केंद्राला कडी कशाला, हे विचारायचं त्याच्या फार मनात होतं. पण साहेबांसमोर त्याची जीभ उचलत नसे.

चहाच्या मावशी मघाशीच कप ठेवून गेल्या होत्या. दोन दिवस त्या डाव्या हाताने कप ठेवत आणि निम्मा चहा सांडत.

"मावशी, आज बशीचा उपास सोडवलात वाटतं?" त्याने थट्टा केली होती. त्या हसल्या नाहीत. बाई कामाला चोख, पण अबोल.

"बोला, ताई. आवाज बसलाय तुमचा."

"पडले मी परवा. म्हणजे ह्यांनी ढकललं. चोर समजले मला."

"लागलं का फार?"

"मुका मार आहे. आधी घाबरले तेच. ओरडत होते, माझी बायको कुठाय, तिला बोलवा. मी काय बोलणार? म्हटलं, बाजारात गेल्यात, येतील."

"बरोबर केलंत. वाद घालायचा नाही. ते ज्या जगात असतील तिथे आपण जायचं."

"तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून तर रोज जाते."

तिच्या हसण्यात दम नव्हता. मग ती म्हणाली, "अशा आजाऱ्यांना ठेवून घेतात त्या निवासातून कळवलंय. एक खाट रिकामी झालीय. आज बारापर्यंत हो की नाही ते सांगायचं, नाहीतर पुढच्याला देणार. दीड वर्षाने नंबर लागलाय आमचा."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "घरातले काय म्हणतात?"

"मुलगा म्हणतो पाठव. म्हणतो, आई, त्यांच्याआधी तूच जाशील. त्याचं चुकत नाही. पण मला त्याचं नकोय, मला ह्यांचं हवंय. चाळीस वर्षांत घरातली खुर्चीसुद्धा ह्यांना न विचारता हलवली नाही मी."

"मग विचारलंत त्यांना?"

"कसं विचारू? समोर गेले की मी परकी बाई. परक्या बाईने येऊन म्हटलं, तुम्हाला घराबाहेर पाठवू का, तर कोण हो म्हणेल?"

त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"ताई, आम्ही निर्णय सांगत नाही. फक्त ऐकतो. बावीस वर्षं मी हा नियम मोडलेला नाही."

"माहितीय मला. आमच्या ह्यांनी जन्मात माझं इतकं ऐकून घेतलं नाही, जितकं तुम्ही घेता."

"नवरे घरात बहिरेच असतात हो."

"मग आज बहिरे होऊ नका. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर? तुमच्या बायकोने विचारलं असतं तर?"

आपण कोण मोठे लागून गेलो सांगणारे, असं त्याच्या मनात आलं. चुकीचं बोलून बसलो तर एका घराचा विचका. पण पलीकडचा श्वास थांबला होता. ती सल्ला मागत नव्हती, काहीतरी वेगळंच मागत होती, एवढं त्यालाही कळलं.

"मी असतो," तो हळूच म्हणाला, "तर पाठव म्हणालो असतो."

"रागावला नसता?"

"रागावलो असतो की. दारात अडून बसलो असतो, तुम्हाला नाही नाही ते बोललो असतो. पण तो आजार बोलला असता. मला जेव्हा सगळं कळत होतं, तेव्हाच्या मला विचारलंत ना, ताई, तर माझ्या हाताने बायको पडलेली मला चालली नसती. मी एका शब्दात हो म्हणालो असतो."

"खरं?"

"अगदी मनापासून सांगतो. आणि ती मला भेटायला आली असती, तर कधीतरी एखाद्या दिवशी मी तिला ओळखलंही असतं."



"तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली.

"उपकार कसले? सावकाश कळवा त्यांना. बाराला वेळ आहे अजून."

भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात मावशींनी फोन बंद केला, तोंडावर पाणी मारलं, दार उघडलं आणि समोर येऊन थांबलेल्या टकल्या साहेबांना म्हणाल्या, "तुझे बाबा हो म्हणाले रे."