शेवटच्या सीनचं गाणं

कवडूनं क्लॅरोनेट तोंडातून काढली आणि थुंकी झटकली. "कसं?"

अंकुर कॉम्प्युटरकडे वळला. आत्ताचं रेकॉर्डिंग त्यानं चॅनलवर चढवलं, कुणाला दिसणार नाही असं. स्क्रीनवर एक गोल फिरू लागला. सौंसरच्या बसस्टँडमागची वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीला चादर लावलेली. तिघंही त्या गोलाकडे बघत होते: अंकुर, त्याची बहीण उर्वशी, आणि लग्नाच्या बँडमधून बोलावून आणलेला कवडू.

गोल थांबला.

जुळलं.

"म्हणजे चांगलं ना?" कवडूनं विचारलं.

"म्हणजे वाईट, काकाजी," उर्वशी म्हणाली. "मशीननं ओळखलं. त्या कंपनीचं गाणं हाय म्हणते."

"मंग त्याइचंच हाय ना. तेच तं वाजवून राहिलो."

*

व्हिडिओ गेम अंकुरनं विकत घेतलेला. खेळायची परवानगी आहे. खेळताना लोकांना दाखवायची परवानगी आहे. शेवटच्या सीनमधल्या गाण्याची नाही. ते गाणं दुसऱ्या कंपनीचं. अंकुरच्या चॅनलवर दोन स्ट्राइक, म्हणजे चोरीचे ठपके, पडलेले, दोन्ही गाण्यांवरून. तिसरा पडला की चॅनल बंद.

आवाज बंद करून दाखवता येतं. पण मग गेममधला शिपाई नदी ओलांडून घरी येतो, घरात कोणी नसतं, तो उंबऱ्यावर बसतो, आणि संपतं. बाकी सगळं ते गाणं सांगतं.

पांढुर्णा, मोहगाव, रामाकोना, कुठून कुठून लोक महिनाभर चॅनलवर या शिपायाच्या मागे चालत होते. तो गेम चालेल असा कॉम्प्युटर त्यांच्यापैकी फार कमी जणांकडे होता. शिपायाची गोष्ट त्यांच्या बोलीत सांगणारा अंकुर एकटा. आज शेवट होता.

कवडूला बोलवायचं उर्वशीनं सुचवलं. गाणं एकदा ऐकलं की हुबेहूब वाजवतात, ती म्हणाली. अंकुरनं त्याला मूळ गाणं ऐकवलं.

चूक तिथंच झाली.

*

"थोडं बदलून वाजवा ना, काकाजी."

कवडूनं लय वाढवली. वरातीची केली.

जुळलं.

खालची पट्टी धरली.

जुळलं.

मधूनच भलतं काही सुरू केलं. चार सुरांनंतर बोटं आपणहून त्याच गाण्यावर परत.

जुळलं.

"बोटं ऐकून नाही राहिले माह्ये," कवडू म्हणाला. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

"मंग बेसूर वाजवा," अंकुर म्हणाला.

कवडूनं ऐकलंच नाही असं केलं.

"जास्त नाही. एखादा सूर इकडेतिकडे."

"बेसूर पाहिजे तं मले कायले बोलावलं बे? ताटली वाजव. वरातीत एक सूर हुकला का पोट्टे नाचाचे थांबते. चाळीस वर्षं झाले, माह्यासमोर कोणी थांबलं नाही."

"चॅनल गेलं तं याले नागपूरच्या गोदामात जा लागते," उर्वशी म्हणाली. "बाबांनी तिथं बोलून ठेवलं हाय."

"मंग जाय ना. नागपूर का लंका हाय?"

खाली छिंदवाड्याची बस मागे घेत होते; कंडक्टर पत्र्यावर थाप मारत होता. कवडूनं क्लॅरोनेटची फुंकायची वेताची पट्टी काढली, दुपट्ट्यानं पुसली, परत बसवली.

*

लाइव्ह.

"राम राम मंडळी. शिपाई नदीपाशी येऊन राहिला. पाणी पाहा. इथंच लहानपणी पोहत होता थो."

— भाऊ आवाज मस्त येऊन राहिला
— पांढुर्ण्याहून राम राम
— गाणं कापू नको बे आज
— नाही कापत, वाजवणारे आणले हाय (हे उर्वशीनं लिहिलं)
— वा

शिपाई घरी आला. हाका मारल्या. उंबऱ्यावर बसला. अंकुरनं गेमचा आवाज शून्यावर आणला आणि कवडूकडे बघितलं.

पहिला सूर बरोबर आला. अंकुरचा हात लाइव्ह बंद करायच्या बटनावर गेला.

दुसरा घसरला. तिसरा त्याच्याही खाली गेला. कवडूचे डोळे उघडे होते. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता, परक्याच्या बोटांकडे बघावं तसा. प्रत्येक सुराच्या शेजारचा सूर तो शोधून घेत होता. एकदाही नेमक्या जागी बोट पडू दिलं नाही. मानेवरून घाम खाली उतरला.

— हे काय
— वाजवणारा पिऊन आला का
— बँडवाला हाय का भोंगेवाला
— सीनची वाट लावली ना भाऊ
— चला झोपा

उर्वशी एकेक ओळ पुसत होती. ओळी तिच्या हातापेक्षा भराभर येत होत्या. बघणाऱ्यांचा आकडा उतरत होता. शिपाई उंबऱ्यावर बसूनच होता.

कवडूनं गाणं शेवटपर्यंत नेलं. कुठंही सोडलं नाही.

स्क्रीन काळी झाली. अंकुरनं लाइव्ह बंद केलं. गोल फिरू लागला, बराच वेळ फिरला, आणि थांबला.

"काय म्हणते थे?" कवडूनं विचारलं.

"वाचलो, काकाजी." अंकुरनं खुर्चीला पाठ टेकली. "याचा मालक कोणीच नाही म्हणते."

कवडू क्लॅरोनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवत होता.

"बरोबर म्हणते," तो म्हणाला. "माह्यं बी नाही थे."