आजीचे हातमोजे

मोदक आजीच्याच हातचे हवेत, ही घरची रीत. म्हणून आजी शेवटची दोन वर्षं हे हातमोजे घालूनच वावरली. तिच्या हातांची प्रत्येक सवय या यंत्र-मोज्यांनी टिपून घेतली. यंदा मोजे घालायचा मान ऋजुताचा! तिची बोटं आपोआप भराभर कळ्या पाडू लागली.

"आई, बघ! मी सुगरण!"

तेवढ्यात आजोबा खाकरत स्वयंपाकघरात आले. मोदक खाली पडला. ऋजुताचे दोन्ही हात झटकन वर गेले आणि तिचाच चेहरा झाकून थरथरू लागले.

"बिघडलेत वाटतं," म्हणत आजोबा निघून गेले. हात हळूहळू खाली आले.

"आई, गेल्या वर्षी तू घातले होतेस ना? तुझेही हात..."

आईने पडलेला मोदक उचलला.

"वळ पटापट. नैवेद्याला उशीर होतोय."